तळाच्या संघाची पाळी

(मंडळाच्या क्रीडा-गप्पांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सिंगापूरच्या घड्याळाची एक गंमत आहे. सकाळी ऑफिसला निघायच्या वेळी अमेरिकेतलं एनबीए बास्केटबॉल सुरू होतं, आणि रात्री जेवणं आटोपली की आपली प्रो कबड्डी. दोन्ही बघता बघता मला एक प्रश्न पडला, तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातले कॅम्पस इंटरव्ह्यू आठवा. सगळ्यात जास्त पगार देणारी कंपनी पहिल्या दिवशी यायची आणि टॉपर मुलं उचलून न्यायची. समजा कॉलेजनं नियम केला, की गेल्या वर्षी जिचा धंदा सगळ्यात बुडाला त्या कंपनीनं आधी निवडायचं! पालकांनी प्रिन्सिपॉलना घेराव घातला असता. पण एनबीएचा ड्राफ्ट साधारण असाच आहे. हरलेल्यांना नव्या मुलांची निवड आधी.

यातून वेगळाच रोग लागला. मुद्दाम हरायचं! म्हणून १९८५ साली त्यांनी सरळ क्रम सोडून चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. तरी २०१५-१६ मध्ये फिलाडेल्फियाचा संघ ८२ पैकी १० सामने जिंकला आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर घेऊन बसला. शेवटी २०१९ च्या ड्राफ्टपासून तळाच्या संघाची पहिल्या नंबरची शक्यता २५ टक्क्यांवरून १४ वर आणली, आणि तळाच्या तिघांना ती सारखीच ठेवली.

आता कबड्डी. इथे लिलाव. दहाव्या हंगामात प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा एकच, ५ कोटी. कागदावर याहून समान काय असणार? पण तेलुगू टायटन्स आठव्या, नवव्या आणि दहाव्या, तिन्ही हंगामांत शेवटचे. दहाव्यात तर त्यांनी पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ओतले होते. निम्म्याहून जास्त पैसे एका रेडरवर! त्याच हंगामात, मार्च २०२४ मध्ये, पुणेरी पलटणनं कप जिंकला. त्यांनीही शादलूईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले, पण संघाचा कणा होता नवख्या गटातून घेऊन वाढवलेली अस्लम इनामदार आणि मोहित गोयतसारखी पोरं. अस्लम आपल्या नगर जिल्ह्यातला. म्हणजे फरक पैशात नाही. स्वस्तातली चांगली पोरं कोणाला आधी सापडतात आणि किती वर्षं टिकतात, त्यात आहे.

म्हणून माझं म्हणणं: नव्या मुलांसाठी ड्राफ्ट ठेवावा. प्लेऑफ हुकलेल्या सगळ्या संघांच्या नावाच्या चिठ्ठ्या सारख्याच टाकाव्यात, म्हणजे मुद्दाम शेवटचं येण्यात कुणाचाच फायदा नाही.

पण पोराचं काय? माझ्या पहिल्या नोकरीत दोन वर्षांचा बाँड होता. बाहेर दीडपट पगार मिळत असताना मी खुर्चीला चिकटून बसलो होतो. आम्हाला निदान साठीपर्यंत वेळ असतो. रेडरचा गुडघा एका सामन्यात जातो. नवव्या हंगामात पवनचं पहिल्याच सामन्यात तसं झालं. कबड्डीतल्या लिलावात खेळाडूला संघ निवडताच येत नाही, आणि फायनल बिड मॅचनं जुना संघ शेवटच्या बोलीइतके पैसे देऊन त्याला परत ठेवतो. स्पर्धा समान राहावी म्हणून त्या पोरानंच किंमत मोजायची, हे मला पटत नाही. पहिला करार तीन वर्षांचाच असावा. नंतर संघ त्यानं निवडावा. जुन्या संघाला तो हवा असेल तर त्याच्यापुरती खर्चाची मर्यादा ओलांडू द्यावी. एनबीएमध्ये लॅरी बर्डच्या नावानं ओळखला जाणारा असाच नियम आहे.

आता समोर बसलेले पुणेकर लगेच म्हणणार, 'मुलं आम्ही घडवायची आणि न्यायची हैदराबादनं?' मुद्दा बरोबर आहे. तेव्हा अकॅडमी चालवणाऱ्या संघाला आपल्या दोन मुलांवर ड्राफ्टआधी हक्क द्यावा. दोन की तीन, यावर चहाच्या वेळी भांडू.