धावणाऱ्याचे आठ तास



हमाल-मापाड्यांच्या संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने हमालीचे दर, महागाई, फार तर माथाडी कायदा यांवर बोलावे, अशी रीत आहे. आम्ही 'धावणे' हा विषय कळविला, तेव्हा चालकांची अशी समजूत झाली की, आम्ही मोर्च्याविषयी बोलणार. तसे नाही. आम्ही खरोखरीच्या धावण्याविषयी, त्याच्या सरावाविषयी आणि पायातल्या बुटांविषयी बोलणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत थांबले. पुढचे वाचनालयात झाले आणि उरलेले मोंढ्यात. तेव्हा शरीरशास्त्रातले जे काही सांगू ते पुस्तकातून घेतलेले, पण पाठीवर पोते घेणाऱ्या माणसांशी ताडून पाहिलेले आहे, एवढे गृहीत धरावे.

आपले गाव जुने छावणीचे. रिसाला बाजार, तोफखाना, पलटण ही मोहल्ल्यांची नावे हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेची आठवण ठेवून आहेत. आज राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट येथे आहे. त्यामुळे पहाटे पाचला औंढ्याच्या किंवा नरसीच्या रस्त्याने गेले म्हणजे अंधारात धावणारी मुलेमुली दिसतात, यात नवल नाही. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे भरती असते. पोलिसात जावयाचे तर मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि राखीव दलासाठी ५ किलोमीटर. ही धाव पोटासाठी आहे आणि तिच्याविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे.

पण गेल्या दोन वर्षांपासून त्यांच्यात एक वेगळा मुलगा दिसतो. आमच्याच संघटनेतल्या एका हमालाचा मुलगा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने ट्रायथलॉन नावाची शर्यत मनावर घेतली आहे. बापाने आम्हाला विचारले, "साहेब, याच्यात नोकरी लागते का?" आम्ही म्हणालो, "तशी खात्री नाही." "मग कशाला धावतो?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेथल्या तेथे दिले नाही. आजचे व्याख्यान हे त्याचे उत्तर समजावे.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे, मध्ये विश्रांती नाही. ऑलिंपिकमध्ये ती २००० साली सिडनीला प्रथम आली. अंतरे अशी : पोहणे दीड किलोमीटर, सायकल ४० किलोमीटर, धावणे १० किलोमीटर. हिंगोलीच्या मापाने सांगावयाचे तर दीड किलोमीटर पोहून बाहेर यावे, ओल्या अंगाने सायकलवर बसून कळमनुरीला जाऊन परत यावे, आणि सायकल टाकून औंढ्याच्या रस्त्याला पाच किलोमीटर धावत जाऊन तसेच परत यावे. पॅरिसला २०२४ साली ब्रिटनच्या अ‍ॅलेक्स यी याने हे सारे १ तास ४३ मिनिटे ३३ सेकंदांत केले. याहून लांबचा प्रकार म्हणजे आयर्नमॅन. तो १९७८ साली हवाई बेटांवर सुरू झाला. पहिल्या वर्षी पंधरा जण उतरले, बारा पोहोचले. २०१५ साली मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला तो पुरा केला, तेव्हा आपल्याकडील वर्तमानपत्रांतून हे नाव घरोघर गेले.

ही श्रीमंतांची चैन आहे, असे आमच्या एका मित्राचे मत आहे. सायकलींच्या किमती ऐकल्या तर ते खरेच वाटते. पण खेड्यातल्या मुलाचा दिवस पाहा. तो कमरेला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहावयास शिकतो. शाळेला सायकलने जातो. मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलींवर तर आता मुलीही जातात. एस.टी. चुकू नये म्हणून धावतो. तिन्ही गोष्टी त्याच्याजवळ आहेत. त्या एका दोरीत ओवण्यास लागणारा वेळ मात्र त्याच्याजवळ नाही.

येथे 'हौशी' या शब्दाचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. पैशासाठी न खेळणारा तो हौशी, असे आपण समजतो. विलायतेत या शब्दाला आणखी एक काटा होता. टेम्स नदीवरील हेन्ली येथील वल्हवण्याच्या शर्यतींसाठी १८७९ साली जो नियम झाला, त्यात मजुरीवर काम करणारा कारागीर, यांत्रिक किंवा श्रमिक हा हौशी ठरूच शकत नव्हता. त्याने खेळातून एक दमडी मिळविलेली नसली तरी! हातांनी काम करणाऱ्याचे स्नायू आयतेच तयार होतात, म्हणून सभ्य गृहस्थांवर अन्याय होतो, असा त्यांचा युक्तिवाद. १९३६ साली ऑस्ट्रेलियाचा चमू तेथे आला, तो पोलिसांचा होता. पोलीस म्हणजे अंगमेहनतीचे कामगार, असे ठरवून त्यांना उतरू दिले नाही. गवगवा झाला, आणि त्यानंतर ते कलम गेले. आमच्या राखीव दलातील जवान मित्रांनी हे ऐकून ठेवावे.

आता असे कलम कोठे नाही. पण कलमाचे काम घड्याळ करते.

आमचा हा विद्यार्थी सकाळी धावतो, दुपारी कॉलेजात जातो आणि हळदीचा मोसम आला की संध्याकाळी मोंढ्यात दाभण घेऊन पोती शिवतो. घरी येतो अकराला, उठतो साडेचारला. म्हणजे झोप पाच तास. वीसेक वर्षांच्या पोरात जोर असतो, म्हणून हे काही दिवस निभते. पुढे काय होते? नडगीचे हाड दुखू लागते, सर्दी हटत नाही, आणि काल जे अंतर सहज कापले ते आज ओढत न्यावे लागते. मुलगा समजतो, आपण कमी पडलो. म्हणून आणखी धावतो.

शिकणाऱ्याला प्रथम हे सांगितले पाहिजे की, धावताना शरीर बळकट होत नसते. धावताना ते झिजते. स्नायूंचे धागे बारीक बारीक तुटतात, साठवलेली साखर संपते, हाडांवर ताण येतो. भरून निघते ते नंतर, झोपेत आणि अन्नात, आणि पहिल्यापेक्षा थोडे अधिक भरते. या 'थोडे अधिक' यालाच सराव म्हणतात. विश्रांती काढून घेतली तर उरते ती नुसती झीज. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली, आणि १० जून १८९० रोजी ती मिळाली. त्या वेळी मालकांना वाटले की, कामाचा एक दिवस बुडाला. आजचा कोणताही जाणता प्रशिक्षक आठवड्यातून एक दिवस सक्तीने मोकळा ठेवतो. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःचे, ही कामगारांची जुनी मागणी. खेळाडूच्या वेळापत्रकाचा इतका नेमका नकाशा आम्ही दुसरीकडे वाचलेला नाही.

दुसरे, हळू धावावयास शिकणे. हे तरुणांना पटत नाही. भरतीच्या तयारीतला मुलगा रोज जीव खाऊन १६०० मीटर धावतो आणि घड्याळ पाहतो. लांब पल्ल्याच्या धावपटूंचे बहुतेक धावणे मात्र सोबत्याशी पुरे वाक्य बोलता येईल इतक्याच गतीने चालते. आठवड्यातून एक-दोन दिवस काय तो वेग. त्या संथ धावण्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त लोटू लागते आणि स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. हमालाला हे समजावून सांगावे लागत नाही. दिवसभर पोती वाहावयाची असतील तर पहिल्या तासात पळापळ करणारा नवखा कोण, हे तो दुरून ओळखतो.

ट्रायथलॉनमध्ये एक खास गंमत आहे. सायकलवरून उतरून धावू लागले की, पाय आपले नाहीतच असे वाटते. तासभर ते गोल फिरलेले असतात, आता त्यांना पुढे टाकावयाचे असते. मोठे ओझे खाली ठेवल्यावर हमालाची पहिली चार पावले वाकडी पडतात, तसेच हे. उपाय एकच, सरावातही सायकलवरून उतरताच दहा मिनिटे धावणे. शिवाय शर्यतीत कपडे-बूट बदलण्याचा वेळही मोजला जातो. म्हणून आमच्या विद्यार्थ्याने बुटांच्या नाड्या काढून तेथे शिंप्याकडचे इलॅस्टिक ओवले आहे. पाय घातला की बूट बसतो. शिरस्त्राणाचा पट्टा लावल्याखेरीज सायकलला हात लावावयाचा नाही, हाही त्या शर्यतीचा नियम. आमच्या मोटारसायकलवाल्यांना तो कोणीतरी शिकवावा!

आता बुटांचा प्रश्न. अनवाणी धावण्याचे आपल्याकडे फार कौतुक. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला, हे सर्वांना ठाऊक. चार वर्षांनी टोकियोला त्याने बूट घालून पुन्हा जिंकली आणि तीन मिनिटांहून अधिक वेळ वाचविला, हे कोणी सांगत नाही. साठी ओलांडलेल्या लता भगवान करे या मजुरी करणाऱ्या बाई २०१३ च्या डिसेंबरात बारामतीला नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावून पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी त्यांना बक्षिसाचे पैसे हवे होते. त्यांच्या धैर्यापुढे आम्ही हात जोडतो. पण त्या अनवाणीपणाच्या टाळ्या वाजविताना आमचे हात जड होतात.

बूट चांगला म्हणजे महाग, असे मात्र नाही. जागतिक संघटनेला २०२० साली रस्त्यावरच्या बुटांचा तळ ४० मिलिमीटरहून जाड नसावा, असा नियम करावा लागला, इतकी त्या तळांत चढाओढ. शिकाऊ विद्यार्थ्याला त्याचे काही देणेघेणे नाही. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा, घट्ट टाच आणि न दबलेला तळ, इतके पुरे. साधारण सहाशे किलोमीटर धावले की तळ मरतो, वरून बूट नवा दिसला तरी. आठवड्याला ४० किलोमीटर धरले तर वर्षाला दोन हजारांवर होतात, म्हणजे तीन-साडेतीन जोड. साधा जोड घेतला तरी बापाची तीन-चार दिवसांची हमाली एकेका जोडाला जाते. पावसाळ्यात आपली काळी माती अशी चिकटते की, पायाला शेर-शेराचे वजन बांधल्यासारखे होते. म्हणून मुले डांबरी रस्त्यावर येतात, आणि तेथे मालमोटारी असतात. पाठीवर चमकणारी पट्टी शिवून घ्या आणि वाहनांच्या समोरून धावा, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. रस्त्याच्या कडेला दोन हात सपाट मुरूम टाकून दाबला तर त्याहून चांगले.

अन्नाचेही तेच. सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोस रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिन लागते. साठ किलोच्या मुलाला सुमारे ऐंशी ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, दोन वेळची डाळ, भाकरी, दूध, दोन अंडी यांतून ते पुरे होते, डब्यातली भुकटी लागत नाही. मुलींविषयी मात्र अधिक काळजी घ्यावी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी चोपन्न रक्तक्षयी आढळल्या. रक्तातले लोह प्राणवायू वाहते. ते कमी असेल तर बूट आणि सराव दोन्ही फुकट. धावणाऱ्या मुलीच्या बापाने बुटांच्या आधी रक्ताची तपासणी करून घ्यावी.

आपल्या लोकांत दम नाही, असे नाही. १९१९ च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्यावर दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारे शेतकरी पाहिले, आणि दुसऱ्याच वर्षी बेळगावचा फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. १९५२ साली गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. आपण ही कथा प्राचार्यांच्या थोरवीसाठी सांगतो. आम्हाला तीत असे दिसते की, एका विद्यार्थ्याच्या खेळासाठी एका शिक्षकाचे घर गहाण पडावे लागले.

बीड जिल्ह्यातले उदाहरण घ्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, शाळेला सहा किलोमीटर जाणारा शेतकऱ्याचा मुलगा. २०२२ साली बर्मिंगहॅमला अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले, सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. पुढच्या वर्षी हांगझोला आशियाई सुवर्ण. तो बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला आणि धावण्याच्या शर्यतींत उतरला तो त्यानंतर. त्याची हिंमत आणि कष्ट त्याचे स्वतःचे. पण फौजेने त्याला पगार दिला, पोटभर जेवण दिले, निजण्याची वेळ दिली आणि धावणे हेच काम म्हणून नेमून दिले. हे नसते तर तो कोठे असता, याचा विचार मांडव्यातल्या दुसऱ्या मुलांकडे पाहून करावा.

म्हणजे फौजेत गेल्याशिवाय धावता येऊ नये काय? पूर्वी पोते शंभर किलोचे असे. ते पन्नासावर यावे म्हणून हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. आता त्याच घरांतली मुले शिकत आहेत, तर त्यांच्या वाट्याला दिवसाचा एखादा तास हौशीचा यावा, असे आम्हाला वाटते. त्या बापाला आमचे उत्तर हेच : नोकरी लागो न लागो, तो तास त्याचा आहे.

आम्ही एवढे केले आहे की, मोंढ्यात पोती शिवणाऱ्या विद्यार्थ्यांना रात्री आठला सोडावे, असे आमच्या अडत्यांशी बोललो. तिघांनी मान्य केले. एकाने विचारले, "उद्या सगळेच धावू लागले तर?" आम्ही म्हणालो, मग तुम्हीही या, पोट कमी होईल. पोहण्याचे अद्याप सुटलेले नाही. सिद्धेश्वर आणि इसापूर एवढी धरणे जिल्ह्याला लागून असली तरी धरणात किंवा परक्या विहिरीत एकट्याने उतरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. काठावर दोर घेऊन पोहणारा माणूस उभा असल्याशिवाय उतरावयाचे नाही, अशी आमची मुलांना सक्त ताकीद आहे. सध्या रविवारी एका शेतकऱ्याच्या विहिरीवर बाप स्वतः दोर धरून बसतो. विहीर लहान, म्हणून दीड किलोमीटरला फेऱ्या किती झाल्या ते तो काठावर खडे मांडून मोजतो.

कोणास काही विचारावयाचे असेल तर खुशाल विचारावे. तो विद्यार्थी मागच्या रांगेत बसला आहे, बुटांचे आणि सायकलचे प्रश्न त्याला विचारलेले बरे. फक्त साडेनऊ झाले की त्याला घरी जाऊ द्यावे. उद्या त्याचा लांब धावण्याचा दिवस आहे.