आरोग्य मंत्रालय कोणासाठी?

(एडिनबरा येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही व्यवसायाने डॉक्टर. तेव्हा मधुमेह, रक्तदाब यांविषयी आम्ही चार हिताच्या गोष्टी सांगाव्यात, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु आज रोग्यापर्यंत डॉक्टर पोहोचविण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्या शासनाच्या आरोग्य खात्याविषयी बोलण्याचे आम्ही ठरविले आहे.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात बाबासाहेबांनी १९२९ साली 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झालेले काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र उद्धृत केले आहे. त्याची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. मोठ्या विनवण्यांनंतर डॉक्टर आला, परंतु वस्तीत पाऊल टाकणार नाही या अटीवर. बाळंतिणीलाच वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो पतीला दिला आणि पतीने पत्नीला लावला. रोग्याला स्पर्श न करताच न्यूमोनियाचे निदान झाले. ती माउली वाचली नाही. येथे डॉक्टर होता, औषध होते, फीचे दोन रुपयेही दिलेले होते. नव्हता तो रोग्याचा हक्क आणि त्या हक्काची हमी देणारे शासन.

आता आपण राहतो त्या भूमीकडे पाहू. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात व बेटांवर राहणारे गरीब शेतकरीही एके काळी डॉक्टरला पारखे होते. अंतर फार आणि फी देण्याची ऐपत नाही, अशी त्यांची स्थिती होती. १९१२ साली ड्यूअर समितीने ही दैना शासनापुढे मांडली. १९१३ साली कायदा होऊन वार्षिक ४२,००० पौंडांचे अनुदान मंजूर झाले. दुर्गम भागातील डॉक्टरांच्या उत्पन्नाला व प्रवासखर्चाला शासनाचा आधार मिळाला. त्यामुळे दूरच्या रोग्यालाही माफक फीत उपचार मिळू लागले. १९१९ साली स्कॉटिश आरोग्य मंडळ स्थापन झाले, १९२९ साली त्याच्या जागी स्कॉटलंडचे आरोग्य खाते आले. १९३९ पासून या खात्याचा कारभार आपल्या याच शहरातील सेंट अँड्र्यूज हाउसमधून चालू लागला. ही इमारत जुन्या तुरुंगाच्या जागेवर उभी आहे. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा दुर्गम भागातील या प्रयोगाचा अनुभव स्कॉटलंडच्या गाठीशी होता. १९९९ पासून येथील आरोग्याचा कारभार स्कॉटिश संसदेला जबाबदार आहे.

मंत्रालय स्वतः कोणाची नाडी पाहत नाही. करांतून आलेला पैसा कोठे खर्च करावयाचा, डॉक्टर व परिचारिका कोठे नेमावयाच्या, लस कोणापर्यंत पोहोचवावयाची, हे ते ठरविते. म्हणूनच त्याचा कारभार हा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, असे त्यांनी प्रतिपादन केले. पुढे १९४६ साली भोर समितीने, पैशाअभावी कोणीही उपचारांस मुकू नये, हे तत्त्व मांडले. १९४७ साली राजकुमारी अमृत कौर स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले. मात्र हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्याच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. शिवाय सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हे विषय राज्यसूचीत आहेत. दिल्लीचे मंत्रालय धोरण आखते, राष्ट्रीय कार्यक्रम चालविते. परंतु खेड्यातील प्राथमिक आरोग्य केंद्राची जबाबदारी राज्य शासनाची. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. ते लक्ष्य गाठले गेले नाही.

बंधू-भगिनींनो, येथे आपल्या खिशाकडे न पाहता आपल्यावर उपचार होतात. २०११ पासून स्कॉटलंडमध्ये डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांनाही पैसे पडत नाहीत. परंतु सुटीत मायदेशी गेलो की आपण आईवडिलांना शहरातील महागड्या खाजगी रुग्णालयात नेतो आणि येथील रांगांना नावे ठेवतो. आम्हीही हे केले आहे. तेव्हा हा दोष आम्ही प्रथम आमच्याच पदरी घेतो. आपल्या आईवडिलांची सोय झाली, पण त्यांच्या शेजारच्या झोपडीतील बाळंतिणीचे काय?

म्हणून आमची एकच विनंती आहे. पुढच्या वेळी गावी जाल, तेव्हा तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राची पायरी चढा. डॉक्टरचे पद भरलेले आहे काय, औषधे आहेत काय, प्रसूतीची सोय आहे काय, आपल्या वस्तीतील स्त्रीला तेथे मानाने वागविले जाते काय, हे विचारा. उणीव दिसल्यास गावकऱ्यांच्या सह्यांनिशी जिल्हा परिषदेला व आमदारांना अर्ज द्या आणि परत आल्यावरही त्याचा पाठपुरावा करा. देणगी अवश्य द्या. परंतु देणगीने एका रोग्याचे भागते, हक्क मिळाला तर साऱ्या गावाचे भागते.

काठेवाडातील त्या माउलीला आपण वाचवू शकत नाही. तिच्या लेकी आजही आपल्या गावांत आहेत, एवढे आपण विसरू नये.

जयभीम! जय भारत!