सुकाणूवर तिसरा माणूस

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतर काय?' या सदरात वीस मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या वक्त्यांनी हापूसची बाग, नातवंडं आणि गुडघ्याचं ऑपरेशन हे तिन्ही विषय संपवून टाकले. तेव्हा आता बोटीशिवाय गत्यंतर नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे की मी अठ्ठावीस वर्षं व्यापारी जहाजांवर इंजिन रूममध्ये काढली आणि मग साउदॅम्प्टनला किनाऱ्यावरची नोकरी धरली. चार वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी, एकतीस फुटांची, फायबरग्लासची शिडाची बोट घेतली. आम्ही म्हणजे मी आणि आपल्याच दहावी 'ब'मधली, आता चौथ्या रांगेत बसून माझ्याकडे घड्याळ दाखवणारी बाई. येत्या मे महिन्यात इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून आम्हा दोघांना अझोर्स बेटांवर जायचं आहे. अंतर साधारण 1200 सागरी मैल. आमची बोट ताशी पाच मैल चालली तर दिवसाला 120, म्हणजे दहा दिवस. वारा रुसला तर चौदा.

आता गणित करा. बोट चोवीस तास चालते, रात्री बंद करून झोपता येत नाही. माणसं दोन. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला रोज बारा तास सुकाणूचा दांडा. थंडीत, पावसात, लाटेत. उरलेल्या बारा तासांत स्वयंपाक, दुरुस्ती, नकाशा आणि झोप. आपल्या मालवणच्या गलबतांवर तांडेल सुकाणूवर बसायचा, पण त्याच्या हाताखाली सहा-आठ खलाशी असायचे. दोघांनी दहा दिवस असं सुकाणू धरलं तर तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे नसलेली जहाजं दिसायला लागतात, आणि असलेली दिसेनाशी होतात. म्हणून तिसरा माणूस हवा, जो जेवत नाही, झोपत नाही आणि पगार मागत नाही.

पहिला विचार मनात येतो तो विजेच्या ऑटोपायलटचा. तो मिळतो, स्वस्तही आहे. पण तो सरासरी दोन अँपिअर खातो असं धरलं तरी दिवसाला जवळजवळ पन्नास अँपिअर-तास होतात. बोटीवरच्या शंभर अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतून, ती लवकर मरू नये असं वाटत असेल तर, तेवढेच काढता येतात. शिवाय लाटा वाढल्या की त्याची भूक वाढते, म्हणजे ज्या दिवशी तो सर्वांत जास्त हवा त्याच दिवशी तो बॅटरी संपवतो. आणि खाऱ्या पाण्यात इलेक्ट्रॉनिक्स किती टिकतं ते मी अठ्ठावीस वर्षं पाहिलं आहे.

उरलं विंडव्हेन. भूगोलाच्या पुस्तकातलं वातकुक्कुट आठवा. ते वारा कुठून येतो ते सांगतं. विंडव्हेन त्याच्या पुढचं काम करतं. बोटीच्या मागच्या टोकाला पातळ प्लायवूडचं एक पान उभं केलेलं असतं, त्याच्या बुडाला तोलासाठी वजन. बोट हव्या त्या दिशेला लावली की हे पान धारेनं वाऱ्यासमोर धरून ठेवायचं. बोट मार्गावर आहे तोवर पान उभं. बोट थोडी वळली की वारा पानाच्या अंगावर येतो आणि ते एका बाजूला आडवं पडतं. या पडण्यानं सुकाणू हलवायचं, एवढीच मूळ कल्पना.

पण सर, तुम्ही पट्टी आणि कंपासपेटी घेऊन तरफ शिकवली होती, तेव्हा लगेच विचाराल की एवढंसं पान साडेपाच टनांच्या बोटीचं सुकाणू कसं हलवणार? नाहीच हलवत. यावर सर्वांत सुंदर उपाय काढला ब्लाँडी हॅस्लर नावाच्या इंग्रज गृहस्थाने. 1960 साली एकट्यानं अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत झाली, तिची कल्पना त्याचीच. त्यात फ्रान्सिस चिचेस्टर चाळीस दिवसांत पहिला आला, हॅस्लर अठ्ठेचाळीस दिवसांत दुसरा, आणि दोघांच्याही बोटी बहुतेक वेळ वाऱ्यानंच चालवल्या. हॅस्लरची युक्ती समजायला यंत्र लागत नाही. लहानपणी आपण सगळ्यांनी धावत्या होडीतून वल्हं पाण्यात उभं धरलं आहे. पातं सरळ असेल तोवर ते गुपचूप पाणी कापतं. मनगटानं जरासं पिळलं की पाणी त्याला असं बाजूला खेचतं की खांदा निखळेल. पिळायला दोन बोटांचा जोर पुरतो, खेच मिळते बैलाची. विंडव्हेनमध्ये वरचं पान खालच्या पाण्यातल्या पात्याला नुसतं पिळतं. ते पातं घड्याळाच्या लंबकासारखं बाजूला झुलतं, आणि त्याला बांधलेले दोर कप्प्यांवरून येऊन सुकाणूचा दांडा ओढतात. बोट वळली, मार्गावर आली, पान पुन्हा उभं राहिलं, ओढ थांबली. बळ सगळं बोटीच्या वेगातून येतं, आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग दुप्पट, ताकद चौपट. वादळात जेव्हा सुकाणू जड होतं तेव्हा हा गडी आपोआप दांडगा होतो. इंजिनिअर म्हणून मला यापेक्षा देखणं यंत्र माहीत नाही, आणि मी बरीच यंत्रं पाहिली आहेत.

याला सर्व्हो-पेंड्युलम म्हणतात. एरीज, मॉनिटर, विंडपायलट ही त्यातली जुनी घराणी. दुसरा प्रकार म्हणजे हायड्रोव्हेनचा. त्यात बोटीचं मुख्य सुकाणू बांधून ठेवतात आणि मागे स्वतंत्र छोटं सुकाणू लावतात, ते पान थेट फिरवतं. दोर नाहीत, कप्पे नाहीत, आणि मुख्य सुकाणू मोडलंच तर हातात एक जादा सुकाणू आहे. हा फायदा लहान नाही. मधोमध कॉकपिट असलेल्या किंवा चाकाचं सुकाणू असलेल्या बोटीला, जिथे दोर लांबून फिरवावे लागतात, तिथे मी बहुधा हेच सुचवीन. तिसरा प्रकार म्हणजे सुकाणूच्याच मागच्या कडेला बिजागरीनं एक छोटी झडप लावायची. फ्रेंच दर्यावर्दी मोइतेसिएच्या 'जोशुआ' बोटीवर ती होती. ती घरच्या गॅरेजमध्येही बनवता येते. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलोही होतो, पण घरातून निर्णय आला की प्रयोगशाळा गॅरेजमध्ये ठेव, समुद्रावर नको.

आमच्या बोटीचं सुकाणू पिछाडीच्या फळीवर बाहेरून टांगलेलं आहे आणि त्याला दांडा आहे, चाक नाही. म्हणजे मधली जागा आधीच भरलेली. हायड्रोव्हेन बाजूला सरकवून बसवता येतं, पण बोट एका अंगावर कलली की ते छोटं सुकाणू पाण्यातून वर येईल का, ही शंका माझ्या मनातून जाईना. शिवाय आमची बोट जुन्या बांधणीची, लांब कण्याची, जड. तिला ताकद लागते. दांडा असल्यामुळे सर्व्होचे दोर दोन हातांवर येऊन संपतात. म्हणून कौल सर्व्होकडे गेला.

पण खरा कौल एका प्रश्नानं लागला. एका रात्री जेवताना ही म्हणाली, "मी खाली झोपलेय, तू वर एकटा आहेस आणि पाण्यात पडलास. हे तुझं यंत्र काय करील?"

उत्तर सोपं आणि भयंकर आहे. ते आपलं काम चोख करील. बोट ताशी पाच मैलांनी सरळ निघून जाईल. माणूस सुकाणूवर असताना पडला तर निदान दांडा मोकळा सुटतो, बोट भरकटते, शिडं फडफडतात, आवाजानं खालचा माणूस जागा होतो. विंडव्हेन बोट शांत ठेवतं. खालच्या माणसाला तीन तासांनी पाळी बदलताना कळतं, आणि तोवर बोट पंधरा मैल पुढे गेलेली असते.

त्यावर उपाय म्हणून काहीजण मागे तीस मीटरचा तरंगता दोर सोडतात. पडलेल्यानं तो पकडून ओढला की विंडव्हेन दांड्यापासून सुटावं आणि बोटीनं वाऱ्याकडे तोंड करून थांबावं. आम्ही हे गेल्या सप्टेंबरात करून पाहिलं. दोराच्या टोकाला पाणी भरलेली बादली बांधली आणि दोघंही बोटीवरच राहून पाच वेळा प्रयोग केला. वारा पुढच्या बाजूनं असताना तिन्ही वेळा बोट वळून थांबली. वारा पाठीमागून असताना दोन्ही वेळा ती तशीच चालत राहिली. अझोर्सच्या वाटेवर वारा आपल्या मर्जीनं येत नाही. तेव्हा आमच्या बोटीवर आता नियम असा आहे की रात्री, किंवा दुसरा झोपलेला असताना, कॉकपिटमध्ये पाऊल टाकण्याआधी कमरेचा पट्टा बोटीला अडकवायचा. लघवीला उठलं तरी. दांड्यावरच्या दोराची साखळी एका हातानं उचलली की सुटली पाहिजे, ही हिची दुसरी अट. तिचं मनगट दोन वर्षांपूर्वी मोडलं होतं, त्यामुळे बसवताना प्रत्येक कडी तिनं डाव्या हातानं सोडवून पाहिली आणि मगच पास केली.

नवं यंत्र साधारण पाच हजार पौंडांना पडतं, म्हणजे पाच-सहा लाख रुपये. आम्ही एका थकलेल्या दर्यावर्दीकडून जुनं एरीज त्याच्या एक तृतीयांशाहून कमी पैशांत घेतलं. अॅल्युमिनियमचं अंग आणि स्टेनलेसचे बोल्ट खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटले की काय होतं हे रसायनशास्त्राच्या बाई जास्त चांगलं सांगतील. मला ते सोडवायला गरम पाणी, तेल आणि तीन शनिवार-रविवार लागले. या यंत्रातली एक गोष्ट मला फार आवडते. पाण्यातल्या पात्याच्या वर मुद्दाम एक कमकुवत जागा ठेवलेली असते. ओंडका आपटला तर तेवढीच मोडते, बाकीचं वाचतं. घरातल्या फ्यूजचाच भाऊ.

आता दोष. वारा पाठीमागून आणि मंद असेल तर विंडव्हेन गोंधळतं. आठ मैलांचा वारा मागून आणि बोटीचा वेग पाच, म्हणजे पानाला जाणवतो फक्त तीन मैलांचा. अशा वेळी आम्ही विजेचा सगळ्यांत छोटा ऑटोपायलट सुकाणूऐवजी पानाच्या वजनाला जोडतो. त्याला फक्त पान हलवायचं असतं, त्यामुळे वीज नगण्य लागते. दुसरं म्हणजे विंडव्हेन होकायंत्र पाळत नाही, वारा पाळतं. वारा फिरला की बोट इमानेइतबारे त्याच्यामागे फिरते. म्हणून कोणी मला विचारलं की हे मालवण ते मुंबई वापरता येईल का, तर माझं उत्तर नाही असंच असेल. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई जमिनीकडून आणि दुपारी वारा वायव्येकडून. सकाळी उत्तरेला लावलेली बोट दुपारी भलतीकडेच तोंड करून बसेल. त्यात मासेमारीची जाळी आणि होड्या. किनाऱ्यालगत माणसाचा हातच बरा.

आणि विंडव्हेनला डोळे नाहीत. मी मोठ्या जहाजावरून सांगतो, ब्रिजवरून एकतीस फुटांची बोट उसळत्या समुद्रात दिसत नाही. ती दिसलीच पाहिजे अशी अपेक्षा ठेवू नये. टेहळणी माणसानंच करायची.

आपल्याशी याचं नातं काय, असं कोणी म्हणू नये म्हणून सांगतो. एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा पूर्ण केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टननं, 1969 साली, 312 दिवसांत. त्याची 'सुहेली' मुंबईत, सागवानात बांधलेली. तिचं विंडव्हेन ऑस्ट्रेलियाच्या सुमारास मोडलं आणि उरलेली अर्धी पृथ्वी त्यानं शिडं तोलून आणि दांडा बांधून पार केली. चांगली तोललेली बोट असेल तर असं होऊ शकतं. त्याच्याही आधी जोशुआ स्लोकमची 'स्प्रे' 2700 मैल जवळजवळ सुकाणूला हात न लावता गेली होती. म्हणून मी सांगतो की विंडव्हेन विकत घेण्याआधी शिडं तोलायला शिका. आमचं यंत्र पहिल्या दिवशी बोटीला सापासारखं नागमोडी नेत होतं. मोठं शीड एक घडी कमी केलं आणि त्यानंतर सात तास आम्ही दांड्याला हात लावला नाही. या बाईनं खाली कांदेपोहे केले, तेही गरम.

आपले कमांडर अभिलाष टॉमी 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत 'सुहेली'च्याच धर्तीवर गोव्यात बांधलेल्या 'तुरीया'वर होते. दक्षिण हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडली, पाठीचा कणा जायबंदी झाला, तीन दिवसांनी फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. 2022 मध्ये ते पुन्हा निघाले. वाटेत विंडव्हेनची पाती मोडली तेव्हा त्यांनी बोटीवरच्या संडासाचं दार कापून नवी केली, आणि 2023 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या क्रमांकानं पोहोचले. तेव्हापासून आमच्या सुट्या भागांच्या यादीत जादा प्लायवूड आहे. संडासाचं दार शाबूत राहावं अशी घरच्यांची इच्छा आहे.

मागच्या बाकावरून काल कोणीतरी ओरडलं, "ह्यां सगळां कित्याक रे? विमानान जा!" त्याला मी उत्तर दिलेलं नाही, देणारही नाही. तो शाळेतही पोहायला यायचा नाही.

शेवटचं एक काम तुमच्याकडे आहे. चिचेस्टरनं आपल्या यंत्राला 'मिरांडा' म्हटलं, नॉक्स-जॉन्स्टननं 'अॅडमिरल'. आमच्या गड्याला अजून नाव नाही. हिनं घंटेवरच्या शिपाईमामांचं सुचवलं आहे, कारण त्यांची घंटा कधी चुकली नाही. माझं मत वेगळं आहे, पण ते मी आज मांडणार नाही. चार वाजता चहाच्या टेबलावर एक डबा ठेवला आहे, त्यात चिठ्ठ्या टाका. रंग आणि ब्रश मी साउदॅम्प्टनला घेऊन ठेवला आहे.