नावात काय चूक आहे?

आजचा किस्सा माझ्याच चुकीचा आहे, त्यामुळे जरा सांभाळून ऐका.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. आमच्या टीमकडे एका शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जाचं काम आलं. स्क्रीन मी केली, मागचा एपीआय माझ्या सहकाऱ्याने. ‘पूर्ण नाव : जास्तीत जास्त ५० अक्षरं’ असं कागदावर एक वाक्य होतं. दोघांनी ते वाचलं आणि आपापल्या कोडमध्ये लिहिलं. टेस्टिंगला सगळ्यांनी इंग्रजीत काहीबाही नावं टाकली, अर्ज गेले, आम्ही चहाला गेलो.

शेवटच्या तारखेला संध्याकाळी सपोर्टवाल्या ताईंनी एक फोन माझ्याकडे दिला. पलीकडे एक काका. “साहेब, मुलीचा अर्ज दुपारपासून भरतोय. सगळे रकाने हिरवे दिसतात, पण बटण दाबलं की ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’. अकरा वेळा प्रयत्न केला. काय चुकलंय ते तरी सांगा.”

मी आपलं नेहमीचं बोललो, “काका, नेट स्लो असेल, ब्राउझर बदलून बघा.” ते तालुक्याच्या नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून बसले होते, आणि मी त्यांना ब्राउझर बदलायला सांगत होतो!

मग लॉग उघडला. तिथे स्वच्छ लिहिलेलं : नाव फार लांब. नाव मोजलं, तर स्पेस धरून २८. मर्यादा ५०. मग लांब कसं?

इथे गंमत आहे. माझी स्क्रीन जावास्क्रिप्टमध्ये होती, एपीआय गो भाषेत. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द घ्या. तुम्ही-आम्ही म्हणू, चार अक्षरं. जावास्क्रिप्ट म्हणते ११, कारण ती हलन्त, काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजते. आणि गोमधलं साधं ‘लेन’ म्हणतं ३३, कारण ते बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काकांच्या मुलीच्या नावात २६ चिन्हं आणि २ स्पेस, म्हणजे ८० बाइट. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो, म्हणून टेस्टिंगमध्ये आमचे दोघांचे हिशेब तंतोतंत जुळले होते.

मी म्हटलं, “काका, नाव इंग्रजीत टाका, जाईल.” गेलं. पण फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, “म्हणजे मराठीत नाव लिहिलं हीच चूक होती का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बरं, एपीआयने नकाराचं कारण पाठवलं होतं, हे लक्षात घ्या. ते गिळलं माझ्या स्क्रीनने. यशस्वी नसलेल्या प्रत्येक उत्तराला मी एकच मेसेज लावून ठेवला होता. दोन मापांची चूक दोघांची, पण अकरा वेळा बटण दाबायला लावणारी चूक माझी एकट्याची.

याच्या उलटही होतं. मोबाइल नंबर तपासायला आपण ‘बॅकस्लॅश डी’ लिहितो, म्हणजे कुठलाही अंक. जावास्क्रिप्टमध्ये त्याचा अर्थ फक्त इंग्रजी अंक. पायथन ३ मध्ये मात्र मराठी ९८ पण चालतं. म्हणजे स्क्रीन अडवते, पण दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमधून थेट एपीआयला आलेला मराठी अंकांतला नंबर आत जाऊन बसतो. मग तोच नंबर इंग्रजीत शोधला की सापडत नाही!

स्क्रीन कडक आणि एपीआय ढिला, हे तर चोराला आमंत्रणच. स्क्रीनवरची तपासणी म्हणजे ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी. सरळ माणूस पाळतो. ज्याला नाही पाळायची, तो ब्राउझरला हातही न लावता एपीआयला थेट विनंती पाठवतो, नग उणे पाच लिहून. म्हणून खरा निवाडा मागेच व्हायला हवा. पण एपीआय कडक आणि स्क्रीन ढिली असली, तर त्यात भरडला जातो साधा माणूस. मीटिंगमध्ये पहिल्या प्रकारावर सगळे घसा ताणून बोलतात, कारण त्याला सिक्युरिटी म्हणतात. दुसऱ्याला कुणी नावही देत नाही.

आम्ही काय केलं? नियम एका स्कीमा फाइलमध्ये ठेवला, दोन्ही बाजू तिथूनच वाचतात. गोमध्ये बाइटऐवजी ‘रून’ मोजायला लागलो. (इमोजीवर अजूनही भांडण होतं, जावास्क्रिप्ट साध्या इमोजीलाही दोन धरते. पण नावात इमोजी कोण टाकतं?) आणि एपीआय ४२२ सोबत रकान्याचं नाव आणि कारण पाठवतो, ते त्याच रकान्याखाली मराठीत दिसतं.

त्या रात्री लॉगमध्ये असे आणखी बरेच अर्ज अडकलेले सापडले. क्लायंटने दोन दिवस मुदत वाढवली, आम्ही प्रत्येकाला एसएमएस पाठवले. काही जण परत आले. काही आलेच नाहीत. त्यांनी फोनही केला नव्हता.

चला, भेटू पुढच्या भागात.