जिवंत खडक आणि बंद डबा

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि पुढे कित्येक वर्षे सहलीला आलेल्या मुलांनी काचेला नाक लावून समुद्राच्या पोटातील जग पाहिले. अशांपैकी काहींना मोठेपणी तो समुद्र घरी आणण्याची हौस लागते. गोड्या पाण्यातील मासे पाळणे त्या मानाने सोपे. खाऱ्या पाण्याची गोष्ट निराळी. अफाट समुद्रात घाण विरून जाते. शंभर लिटरच्या टाकीत ती जाणार कोठे?

ही घाण म्हणजे मुख्यतः अमोनिया. माशांच्या कल्ल्यांतून तो सतत बाहेर पडतो, उरलेले अन्न कुजले की त्यात भर पडते, आणि त्याचा अल्प अंशही माशांना मारक ठरतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट. दोघांनाही प्राणवायू लागतो. नायट्रेट पुष्कळच सौम्य. परंतु ते साठत गेले म्हणजे शेवाळ माजते आणि प्रवाळ कोमेजू लागतात.

जकार्ता येथील ली चिन एंग यांनी या अडचणीवर काढलेला तोडगा १९६१ साली एका अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाला. प्रवाळांच्या सांगाड्यांचे, भोकाभोकांचे, सूक्ष्म जीवांनी गजबजलेले खडक टाकीत ठेवायचे आणि पाण्यात हवेचे बुडबुडे सोडायचे, गाळणी नाहीच! हेच ते ‘जिवंत खडक’. दगड कसला जिवंत, असे कोणी म्हणेल. पण त्याची सारी करामत त्याच्या पोटात आहे. वरच्या थरात प्राणवायू मुबलक, म्हणून तेथे अमोनियाचे नायट्रेट होते. आत खोलवर प्राणवायू पोचत नाही. तेथील जिवाणू नायट्रेटमधलाच प्राणवायू काढून घेतात, आणि उरलेला नत्रवायू हवेत निघून जातो.

आता पुष्कळ हौशी मंडळी अशा टाकीखालच्या कपाटात एक झाकणबंद डबा बसवितात. त्याला कॅनिस्टर फिल्टर म्हणतात. नळीने पाणी खाली येते, डब्यातील स्पंज, कापूस आणि चिनी मातीच्या तुकड्यांतून जाते, आणि विजेचा पंप ते परत वर ढकलतो. गोड्या पाण्यात हा डबा मोठा गुणी नोकर. महिनोन् महिने उघडला नाही तरी कुरकुर करीत नाही. तीच सवय खाऱ्या पाण्यात नडते. कापसात अडकलेली घाण दिसेनाशी होते, एवढेच. केर काढून दाराआड लोटावा, तसा हा प्रकार! पाणी त्या घाणीवरूनच वाहत राहते, ती कुजते, आणि डब्यातील जिवाणू तिचे नायट्रेट करून पुन्हा टाकीत पाठवितात. खडकाच्या गाभ्याला इतका भार झेपत नाही. म्हणून अनेक जाणकार डबा टाळून फेस काढणारे यंत्र वापरतात. ते सेंद्रिय घाण कुजण्यापूर्वीच बुडबुड्यांबरोबर बाहेर काढते.

तथापि डब्याला हद्दपार करणे थोडे अन्यायाचेच. जिवाणूंचे काम खडकांवर सोपवावे, डब्यात फक्त कापूस आणि पाण्याचा पिवळेपणा शोषणारा कोळसा ठेवावा, आणि कापूस दर आठवड्याला बदलावा. एवढे केले तर तो उपयोगीच पडतो. जुन्या डब्यातील चिनी मातीचे तुकडे मात्र एकदम काढू नयेत. थोडे थोडे काढावेत.

आणखी एक धोका विजेचा. पंप थांबला की बंद डब्यातील जिवाणू काही तासांतच तेथला प्राणवायू संपवितात आणि मग मरून सडू लागतात. वीज येताच ते कुजके पाणी थेट माशांच्या अंगावर! वीज बराच वेळ गेली असेल तर डबा आधी उघडून धुवावा, मगच चालू करावा. टाकीतील खडकांना तेवढा वेळ बॅटरीवरच्या पंपाचे बुडबुडे पुरतात.

राहता राहिला प्रश्न खडक आणण्याचा. लक्षद्वीप, मन्नारचे आखात किंवा आपले मालवण येथून तो उचलून आणणे हा गुन्हा आहे. २००१ सालापासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. आणि ते योग्यच आहे. दिवाणखान्यातील समुद्रासाठी खरा समुद्र ओरबाडण्यात काय अर्थ? सच्छिद्र कृत्रिम खडक आणून खाऱ्या पाण्यात मुरवावा. जिवाणूंची वस्ती होण्यास कित्येक आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत टाकीत मासा सोडू नये. गाभ्यातील जिवाणू तर त्याहूनही संथ. ते कामाला लागेपर्यंत काही महिने पाणी बदलूनच नायट्रेट कमी करावे लागते.