गृहस्थाची निवृत्ती : केव्हा आणि किती?

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव आज अनेक वक्त्यांनी केला आहे. त्या गौरवात भर घालण्याऐवजी समाजातील घराघरांत आणि दुकानादुकानांत जो प्रश्न मनात असतो, पण सहसा मोठ्याने विचारला जात नाही, त्याचा विचार येथे करावयाचा आहे. पोटापाण्याची चिंता मिटली आहे, मुले हाताशी आली आहेत, व्याज आणि भाडे यांवर घर सुखाने चालू शकते. अशा गृहस्थाने व्यवसाय चालू ठेवावा की सोडावा?

शासकीय नोकराला हा प्रश्न पडत नाही. त्याची निवृत्तीची तारीख सेवापुस्तकातील जन्मतारखेबरोबरच ठरते. व्यापाऱ्याची तारीख कोणी ठरवून देत नाही. त्यामुळे बहुतेक व्यापारी ती कधीच ठरवीत नाहीत आणि शेवटी शरीर ती ठरवून टाकते.

आरंभी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. काम सोडणे वेगळे आणि काम सुटणे वेगळे. हा फरक अंजनवेलला समजावून सांगावा लागत नाही. वाशिष्ठीच्या मुखाशी गोपाळगडाच्या सावलीत वसलेल्या या गावाने पलीकडच्या दाभोळ बंदराच्या भरभराटीच्या आणि पडत्या काळाच्या कथा पिढ्यान् पिढ्या ऐकल्या. अलीकडच्या काळात तर त्याने स्वतःच तो अनुभव घेतला. १९९९ साली येथील वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ साली तो बंद पडला. २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे प्रकल्प गेल्यावर पुढे वीजनिर्मिती पुन्हा सुरू झाली. परंतु मधल्या काळात ज्यांचे काम गेले, त्यांना कोणी ‘आपली इच्छा काय’ असे विचारले नव्हते. ज्याला काम सोडावे की ठेवावे असा प्रश्न पडतो, त्याला पूर्वपुण्याईने निवड मिळाली आहे. मिळालेली निवड डोळसपणे करणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

जैन परंपरेने या प्रश्नाचा विचार फार प्राचीन काळी केलेला आहे. श्वेतांबर परंपरेतील उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. हा भगवान महावीरांचा समकालीन गृहस्थ. त्याच्याजवळ बारा कोटी सुवर्णमुद्रा होत्या : चार कोटी ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरप्रपंचात. दहा-दहा हजार गायींचे चार कळप, पाचशे नांगर, शेकडो गाड्या आणि जलमार्गाने माल नेणारी वाहनेही होती. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याचा ताळेबंद भक्कम होता.

भगवंतांच्या उपदेशाने त्याने श्रावकाची बारा व्रते घेतली. हाती असलेली संपत्ती त्याने टाकून दिली नाही. यापुढे ती वाढवायची नाही, अशी मर्यादा घातली. त्यानंतर चौदा वर्षे तो घरातच राहिला आणि पंधराव्या वर्षी त्याच्या मनात विचार आला. नगरातील राजपुरुष, सार्थवाह, आप्तेष्ट सर्वजण प्रत्येक कामात त्याचा सल्ला घेत होते, आणि या व्यापामुळे धर्माराधना मनासारखी होत नव्हती. त्याने आप्तांना भोजनास बोलावले, सर्वांसमक्ष ज्येष्ठ पुत्राकडे कुटुंबाचा भार सोपविला आणि सांगितले की, यापुढे कोणत्याही व्यवहारात मला विचारू नये, माझ्यासाठी वेगळा स्वयंपाकही करू नये. मग तो कोल्लाग येथील पौषधशाळेत जाऊन राहिला.

या कथेतील मर्म सूक्ष्म आहे. आनंदाला धन सोडणे जड गेले नाही. त्याची मर्यादा तर त्याने चौदा वर्षांपूर्वीच घातली होती. बाधा येत होती ती सर्वांनी आपल्याला विचारण्याची. आजही सधन व्यापारी सत्तराव्या वर्षी गादीवर बसतो तो बहुधा पैशासाठी नव्हे. घाऊक व्यापारी नमस्कार करतो, दलाल भाव विचारतो, जुने गिऱ्हाईक ‘शेठ आहेत का?’ म्हणून चौकशी करते, आणि त्या विचारण्यात माणसाला आपण आहोत असे वाटत राहते. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाला मूर्च्छा म्हटले आहे, म्हणजे आसक्ती. ही आसक्ती जशी तिजोरीची असते, तशी त्या ‘शेठ’ या हाकेचीही असते.

म्हणूनच श्रावकाच्या अकरा प्रतिमांचा क्रम विचार करण्याजोगा आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात आठवी आरंभत्याग प्रतिमा सांगितली आहे. तीत नोकरी, शेती, व्यापार यांसारख्या हिंसेला कारण होणाऱ्या उद्योगांतून विराम घ्यावयाचा. नववी परिग्रहत्याग आणि दहावी अनुमतित्याग, म्हणजे प्रपंचाच्या कामांना संमती देणेही थांबवावयाचे. श्वेतांबर परंपरेत आठव्या प्रतिमेनंतर प्रेष्यत्याग येतो : जे स्वतः करणे सोडले, ते नोकरचाकरांकडूनही करवून घ्यावयाचे नाही. दोन्ही परंपरांनी ओळखले की दुकान सोडणे ही आधीची पायरी आहे आणि दुकान मनातून सोडणे ही नंतरची, अधिक उंच पायरी. जो गृहस्थ गादीवरून उठतो आणि दिवसातून दहा वेळा दूरध्वनीवरून ‘आज गल्ला किती?’ असे विचारतो, तो आठव्या पायरीवर पोहोचलेला दिसतो. वस्तुतः त्याने फक्त बसण्याची जागा बदललेली असते.

या पायऱ्या सर्वांनी चढाव्यात असा आग्रह कोणी धरू शकत नाही. पण त्यांतून एक व्यवहारी बोध मिळतो. निवृत्ती ही एका दिवसाची घटना नसून ती क्रमाने साधावयाची असते, आणि ती अंगात ताकद असताना सुरू करावयाची असते.

महाराष्ट्रातील जैन समाजातच याची तीन निरनिराळी उदाहरणे आहेत. पहिले सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांचे. १८८२ साली जन्मलेल्या या पुरुषाने सिंधिया कंपनीची उभारणी केली आणि तिची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाजे, विमाने, मोटारी अशा प्रत्येक क्षेत्रात त्यांनी पाऊल टाकले. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० साली ते व्यवसायातून निवृत्त झाले आणि १९५३ साली त्यांचे निधन झाले. देशाने त्यांच्या अखंड उद्योगाबद्दल कृतज्ञच राहावे. परंतु निवृत्तीचा निर्णय त्यांच्या बाबतीत देहाने घेतला, हेही खरे.

दुसरे उदाहरण शांतिलाल मुथ्था यांचे. पुण्यात बांधकाम व्यवसायात यश मिळत असताना वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांनी अर्थार्जन थांबविले आणि १९८५ साली भारतीय जैन संघटनेची स्थापना केली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे १२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांनी संघटनेच्या माध्यमातून स्वीकारली. त्यांनी कमाई सोडली. काम मात्र कितीतरी पटींनी वाढविले.

तिसरे जळगावच्या भवरलालजी जैन यांचे. वाकोदसारख्या खेड्यात जन्मलेल्या या वाणिज्य आणि कायदा पदवीधराने सरकारी अधिकारपदाची संधी नाकारून १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेल विकण्यापासून व्यवसाय सुरू केला. पुढे ठिबक सिंचन शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेले. २०१६ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांनी काम सोडले नाही. मात्र त्यांच्या हयातीतच चारही पुत्र कारभारात जबाबदारीने उभे होते. आणि उत्तरायुष्यात त्यांचे लक्ष २००७ साली सुरू झालेली अनुभूती शाळा आणि २०१२ साली उघडलेले गांधीतीर्थ यांसारख्या कार्याकडे वळले होते.

एकाने कमाई तारुण्यातच थांबविली, दुसऱ्याने काम अखेरपर्यंत केले. तरीही दोघांमध्ये एक साम्य आहे. ‘हे काम कोणासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर दोघांपाशी तयार होते. ते उत्तर असेल तर काम चालू ठेवणे दोषास्पद नाही आणि सोडणेही पळपुटेपणाचे नाही.

यावर काही ज्येष्ठ म्हणतात, ‘काम सोडले की माणूस खचतो.’ हे अनुभवास येते, आणि त्याचे कारणही उघड आहे. चाळीस वर्षे ज्याने दुकानाखेरीज काही केले नाही, त्याला रिकामा दिवस खायला उठतो. तो दिवसभर दूरदर्शनसमोर बसतो किंवा स्वयंपाकघरात लक्ष घालू लागतो. येथे भगिनींच्या बाजूने एक शब्द बोलला पाहिजे. पुरुष निवृत्त होतो तेव्हा गृहिणीचे काम वाढते. तिच्या निवृत्तीचा विचार मात्र कोणत्याही घराच्या अंदाजपत्रकात नसतो. धर्माने आळसाला, म्हणजे प्रमादाला, कर्मबंधाचे कारण मानले आहे. तेव्हा काम सोडण्यापूर्वी स्वाध्याय, सामायिक, सेवा, वाचन यांपैकी कशाची तरी सवय आधी लागली पाहिजे. कोकणातल्या वाडीत म्हातारा माणूस माडावर चढणे सोडतो, पण रोपांना पाणी घालणे सोडत नाही. कलमांना फळ केव्हा धरेल आणि ते कोण खाईल, याचा हिशेब तो करीत बसत नाही.

दुसरी बाजू पुढच्या पिढीची. पंचेचाळीस वर्षांचा मुलगा अजून धनादेशावर सही करीत नसेल, खरेदीला एकटा गेला नसेल, तर वडिलांनी दुकान सांभाळले असे म्हणता येईल. वारस घडविला असे म्हणता येणार नाही. मुलाच्या हातून चार चुका होतील. त्या वडिलांच्या हयातीत झाल्या तर सावरता येतात. मुलगा मुंबई-पुण्यात नोकरीत रमला असेल आणि दुकान चालविणारे कोणी नसेल, तर ते बंद करण्यापूर्वी वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसांची देणी, त्यांची पुढची सोय आणि गावातील उधारीचा उलगडा हेही निवृत्तीचेच भाग समजावेत.

व्यवहाराच्या बाबतीत कायदाही बोलका आहे. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या कलम ३२ नुसार भागीदार पेढीतून निवृत्त झाला तरी तशी जाहीर सूचना दिली जाईपर्यंत त्रयस्थ लोकांच्या दृष्टीने त्याची जबाबदारी चालूच राहते. आनंद श्रावकाने आप्तांना भोजनास बोलावून सर्वांसमक्ष भार सोपविला, तो याच अर्थाने पक्का व्यवहार होता. मनात घेतलेली आणि कोणालाही न सांगितलेली निवृत्ती टिकत नाही. मृत्युपत्र करणे, भागीदारीचे कागद नवे करणे, आजारपणासाठी आणि पत्नीसाठी रक्कम वेगळी ठेवणे आणि ‘इतके पुरे’ हा आकडा कागदावर लिहिणे, ही कामे परिग्रह-परिमाण व्रताच्या भावनेशी सुसंगतच आहेत. तो आकडा लिहिला नाही, तर दरवर्षी ‘आणखी एक वर्ष’ असे म्हणत वय निघून जाते.

शेवटी, जी कसोटी दुकानाला तीच संस्थेला. कोणताही ट्रस्ट पन्नास वर्षे चालतो तो गादीवरून थोडे लवकर उठून मंदिर, पाठशाळा, वैयावृत्त्य यांना वेळ देणाऱ्या माणसांमुळे. अशा माणसांची आज पूर्वीपेक्षा अधिक गरज आहे, कारण देणगी देणारे मिळतात, दुपार देणारे मिळत नाहीत. आणि विश्वस्तपदाची खुर्ची हीसुद्धा गादीच असते, हे त्या खुर्चीवरील प्रत्येकाने वेळीच ओळखावे. शताब्दी महोत्सवात व्यासपीठावर जे बसतील, ते आज तिशीच्या आत आहेत. त्यांच्या हाती एखादे काम संपूर्णपणे, मधे न बोलता, याच वर्षी सोपविले गेले, तर हा सुवर्णमहोत्सव खऱ्या अर्थाने साजरा झाला असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.