पडदा गोठला तरी आपण गोठू नये

(मंडळाच्या गणेशोत्सवात राजघाट येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



तापीला पूर आला की आपण बुऱ्हाणपूरकर राजघाटावर येऊन आधी पायऱ्या पाहतो. किती बुडाल्या, किती उरल्या, त्यावरून पाण्याचा अंदाज घेतो. संगणकाच्या बाबतीत मात्र आपले उलटे होते. पडदा हलेनासा झाला की आधी घाबरतो आणि मग पाहतो.

आता पेन्शनचे जीवन प्रमाणपत्र, विजेचे बिल, जमिनीची नक्कल, बँकेचा व्यवहार, सारे क्रोम, एज किंवा फायरफॉक्स या ब्राउझरमधूनच चालते. तो मध्येच अडकला की मनात पहिली शंका येते ती व्हायरसची. बहुतेक वेळा कारण साधे असते. वीस-पंचवीस टॅब उघडे, मेमरी कमी, न मागता आलेली एक्स्टेन्शन्स किंवा जुनी आवृत्ती. शेवटच्या तारखेला सरकारी साइटवर गर्दी झाली तर दोष आपल्या यंत्राचा नसतोच.

आपल्या कुंडी भंडाऱ्याची रचना आठवा. १६१५ साली बांधलेल्या त्या भुयारावर शंभराहून अधिक कुंड्या आहेत. पाणी कुठे अडले ते कुंडीत डोकावून कळते, सगळे भुयार खणावे लागत नाही. इथेही तसेच एकेक कुंडी पाहत जावे.

प्रथम अर्धा मिनिट थांबावे. दुसरी साइट उघडून पाहावी. ती उघडली तर अडचण पहिल्या साइटची. नाही उघडली तर नको असलेले टॅब बंद करावेत. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की कोणता टॅब किती मेमरी खातो ते दिसते. जड असेल तो तिथूनच बंद करावा. नंतर तीच साइट इन्कॉग्निटोमध्ये उघडावी. तिथे एक्स्टेन्शन्स सहसा बंद असतात. तिथे नीट चालली तर संशय एक्स्टेन्शनवर. एकेक बंद करून पाहावे, सापडेल ते काढून टाकावे. शेवटी कॅशे साफ करून ब्राउझर अद्ययावत करावा.

आता दुसरा प्रकार. पडदा अचानक पूर्ण भरतो, भोंगा वाजतो, ‘तुमचा संगणक लॉक झाला आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा’ असे लिहून येते. बंद करायची फुली सापडत नाही. हा बहुधा व्हायरस नसून नुसते एक वेबपान असते, आपण घाबरून फोन करावा म्हणून रचलेले. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखे ॲप टाकायला लावतो आणि आपल्या संगणकाची किल्ली त्याच्या हाती जाते. म्हणून एस्केप दोन-तीन सेकंद दाबून धरावे. नाही सुटले तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून ब्राउझर संपवावा. तेही जमले नाही तर पॉवरचे बटण दहा सेकंद दाबावे. पुन्हा उघडताना जुनी पाने ‘रिस्टोर’ करू नयेत.

खरा मालवेअर असा भोंगा वाजवत येत नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या यंत्रणेत शिरलेल्या मालवेअरने बनावट कार्डांच्या मागण्या परस्पर मंजूर केल्या. काही तासांत २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले, पुढे परदेशी खात्यातही रक्कम गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. काम फत्ते होईपर्यंत चोर गप्प होता. तेव्हा ओरडणाऱ्या पडद्याला भिऊ नये आणि गुपचूप आत येणाऱ्या फायलीला हलके समजू नये.

ती फाइल हल्ली व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका किंवा गाडीचे चलान बनून येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर उघडू नका, ओळखीच्या नंबरावरून आली तरीही. ‘अलाऊ’ दाबल्याशिवाय व्हिडिओ दिसणार नाही म्हणणारे पान बंद करा. फुकटचे चोरटे सॉफ्टवेअर घेऊ नका. विंडोज १० चा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे जुने यंत्र बँकेच्या कामाला वापरू नका. महत्त्वाच्या कागदांची आणि फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून ती काढून ठेवा.

एवढे करूनही फसगत झाली तर प्रथम इंटरनेट तोडा. बँकेला कळवा आणि लगेच १९३० वर फोन करा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली तर तो अडवता येतो; इथे प्रत्येक तास मोलाचा. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कितीतरी घरांत मुले पुण्याला, इंदूरला, परदेशात आणि येथे आई-वडील दोघेच. ‘मुले रागावतील’ म्हणून गोष्ट लपवली जाते आणि त्या लपवण्यातच चोराला वेळ मिळतो. मुलांनी रागावू नये, आई-वडिलांनी लाजू नये. तंत्राची माहिती हळूहळू येईलच. मोकळेपणाने सांगणे मात्र आजपासून जमण्यासारखे आहे. बुद्धीच्या देवतेकडे आपण सर्वांनी एवढी सावधबुद्धी मागू या.

गणपती बाप्पा मोरया!